घर पाहावं आखून

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून, ही म्हण ज्याने काढली त्याच्या काळी फ्लॅट नव्हते. फ्लॅट बांधतो दुसराच कोणी, राहायचं आपण, आणि जे कळायचं ते राहायला गेल्यावर कळतं. लग्नाचंही तसंच असतं म्हणा, पण तो विषय सोपान असवले यांच्या घरात चर्चेला नव्हता. चर्चेला होता तो फ्लॅट.

सोपानराव लोणावळ्यात रेल्वेच्या स्टोअरमध्ये हेडक्लार्क. आलेला माल मोजून घ्यायचा आणि मगच सही करायची, हा त्यांचा चौतीस वर्षांचा धर्म. बोल्टांचं पोतं आलं तर ते ओतून, मोजून, पुन्हा भरत. माल आणणारा ड्रायव्हर तोवर जेवून, झोपून, उठून येई. मे महिन्यात ते रिटायर व्हायचे होते, म्हणजे क्वार्टर सोडायचं होतं, म्हणजे घर घ्यायचं होतं. इथवर सगळं सरळ होतं.

वाकडं होतं ते पुढे. टाकवे बुद्रुकला त्यांची आई, विठाबाई, एकटी राहत होती. वय शहात्तर. गेल्या भाद्रपदात अंगणात पाय घसरून पडली आणि तासभर तशीच पडून राहिली. शेजारचा चुलतभाऊ गोविंदा डेअरीत दूध घालून परत आला, तेव्हा त्याने उचलली. फोनवर मात्र म्हणाली, "पडले न्हाई रं, जरा बसले व्हते." त्या दिवसापासून सोपानरावांना धड झोप नव्हती. आईला आपल्याकडे आणायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं. आईने ठरवलं नव्हतं. क्वार्टरवर ती याआधी तीनदा येऊन गेली होती आणि तिन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पिशवी काखेत मारून टाकव्याच्या जीपमध्ये बसली होती. कारण एकच, "मला न्हाई तितं करमत."

आता करमत नाही म्हणजे नेमकं काय होत नाही? सोपानरावांनी पद्धतशीर चौकशी केली. पंख्याचा वारा लागतो का? न्हाई. पाणी उंचावर आहे का? न्हाई. बायको, म्हणजे सविता, काही बोलली का? "ती कशाला बोलंल, तिला येळ कुटं हाय!" एवढ्या चौकशीतून त्यांनी निष्कर्ष काढला की दोष घराच्या रचनेत आहे. तेव्हा नवं घर असं घ्यायचं, की आई तिसऱ्या दिवशी उठून जाता कामा नये. आणि ते घ्यायच्या आधी इंचाइंचाने तपासायचं.

तपासायचं, कारण डोळ्यांसमोर भिमाजी होता. हा भिमाजी कडू त्यांच्याच ऑफिसातला. त्याने तळेगावला फ्लॅट घेतला आणि राहायला गेल्यावर कळलं, की संडासाचं दार आत उघडतं आणि आधी बसल्याशिवाय ते लागत नाही. म्हणजे माणूस दार उघडं ठेवून बसतो, मग गुडघे वर घेतो, मग दार लावतो. पाहुणे आले की भिमाजीची बायको टीव्हीचा आवाज वाढवते. कपाट जिन्यातून वळेना म्हणून ते महिनाभर खाली पार्किंगमध्ये उभं होतं. भिमाजी हे सगळं डबा खाताना हसत हसत सांगे. स्वतःच्या फजितीवर हसणारी माणसं सोपानरावांना धोक्याची वाटत.

तर अठ्ठावीस घरं नापास करून सोपानराव आणि सविता वळवणला एका नव्या इमारतीचा सॅम्पल फ्लॅट बघायला गेले. इमारत अजून दुसऱ्या मजल्यावर होती, यांचा फ्लॅट तिसऱ्यावर, म्हणजे आकाशात. सॅम्पल फ्लॅट मात्र खाली शेडमध्ये नटूनथटून तयार होता. विकास नावाचा टाय घातलेला तरुण पुढे आला.

"या सर, या मॅडम. आधी जरा स्पेसचा फील घ्या."

"फील किती बाय किती?" सोपानरावांनी खिशातून टेप काढली.

विकास हसला. सोपानराव हसले नाहीत. त्यांनी पलंग मोजला. पाच फूट दोन इंच. मग चपला काढून ते त्यावर आडवे झाले. पोटऱ्यांपासून खालचे सोपानराव पलंगाबाहेर राहिले.

"हा पलंग कोणासाठी आहे?" त्यांनी आडव्यानेच विचारलं.

"सर, तो फक्त दाखवायला आहे."

"आणि दारं कुठायत? एकाही खोलीला दार नाही."

"दारांनी जागा लहान दिसते ना सर."

"मग खऱ्या घरात दारं नसणार?"

"असणार ना सर! खऱ्या घरात असणारच!"

सोपानराव उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "मला प्लॅनचा कागद द्या. मापांसकट." विकासने दिला. एवढी मुदत मात्र सांगितली, की सोमवारी हो किंवा नाही कळवा, नंतर हा फ्लॅट दुसऱ्या पार्टीला जाईल. असं ते सगळ्यांनाच सांगतात. पण सोपानरावांनी चौतीस वर्षं मुदती पाळलेल्या, त्यांना ती खरी वाटली.

क्वार्टरच्या रांगेत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. एकाने सांगितलं, ओटा पूर्वेला हवा. दुसऱ्याने सांगितलं, ओट्याचं सोडा, आधी पार्किंगला खांब कुठे येतो ते बघा. समोरच्या कैलासने मोबाईलवर एका ॲपमध्ये अख्खं घर उभं केलं आणि सोपानरावांना आत फिरायला दिलं. बोट जरा जोरात लागलं, तर सोपानराव स्वयंपाकघरातून थेट लिफ्टच्या खड्ड्यात गेले. त्यांनी मोबाईल परत केला.

"हे असं होणार नाही," ते सविताला म्हणाले. "घर आखायचं. एकास एक. जमिनीवर. आणि त्यात एक अख्खा दिवस राहायचं."

"राहायचं म्हणजे?"

"म्हणजे राहायचं. स्वयंपाक करायचा, जेवायचं, ये-जा करायची. आईपण तिथंच असेल. तिला काय टोचतं ते त्या दिवशी कळेल."

सविताने नवऱ्याकडे पाहिलं. हा माणूस साखरपुड्यात अंगठीच्या आधी बोटाचं माप घेऊन गेला होता. ती म्हणाली, "गॅस तुम्ही उचलायचा."

जानेवारी होता. टाकव्यात भातं निघाली होती, मळण्या उरकल्या होत्या आणि असवल्यांच्या घरामागचं खळं सारवल्यासारखं सपाट पडलेलं होतं. शनिवारी दुपारी सोपानराव कामशेतहून फक्कीची दोन पोती घेऊन उतरले. फक्की म्हणजे कबड्डीच्या मैदानावर रेषा मारतात ती पांढरी भुकटी. सुतळी, खुंट्या, टेप आणि प्लॅनचा कागद घेऊन त्यांनी काम सुरू केलं. हॉल चौदा बाय दहा. स्वयंपाकघर आठ बाय सात. दोन बेडरूम, दोन संडास-बाथरूम, मधला बोळ आणि हॉलला लागून साडेतीन फुटांची बाल्कनी.

बाल्कनीपाशी घोडं अडलं. खळ्याच्या एका बाजूला उकिरडा, दुसऱ्या बाजूला गोविंदाच्या शेताचा बांध. मधे घर बसेना, अडीच फूट कमी पडत होते. घर इकडे सरकवावं तर ओटा उकिरड्यात जायचा, आणि सविताने फोनवर स्पष्ट सांगितलं, की उकिरड्यात ती दिवसभर उभी राहणार नाही, सॅम्पल असलं तरी. तिकडे सरकवावं तर बाल्कनी बांध ओलांडून अडीच फूट गोविंदाच्या रानात. सोपानरावांनी पाच मिनिटं विचार केला. तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी हवेत असते, आणि हवेला सातबारा नसतो. त्यांनी बांधावरून फक्की नेली आणि पलीकडे बाल्कनी आखली. मावळात इतका भोळा विचार करणारा माणूस गेल्या शंभर वर्षांत झाला नसेल.

विठाबाई ओसरीवरून हे बघत होत्या. "काय करतोस रं?"

"घर करतोय, आई."

"एवढं बारीक? कोंबड्यांचं हाय का?"

"आपलं आहे. उद्या आपण सगळे त्यात राहणार."

विठाबाईंनी पदर तोंडाला लावला. मुलगा रिटायर व्हायला आला की असं होत असेल, असं त्यांना वाटलं असावं.

रविवारी सकाळी नऊ वाजता गृहप्रवेश झाला. नियम सोपानरावांनी आधीच वाचून दाखवले. भिंतीतून चालायचं नाही. दारानेच ये-जा करायची. एखादी गोष्ट अडली की लगेच सांगायचं, ते वहीत लिहितील. गॅस ओट्याच्या जागी ठेवला, फ्रीज म्हणून पाण्याचं पिंप, कपाट म्हणून उभी केलेली खाट. दारं दोन, म्हणजे अडीच फुटांचे दोन बांबू. ते धरायला सविता.

"म्हणजे मी दार?"

"तात्पुरती."

"तीस वर्षं दाराचंच काम करतेय. उघडायचं आणि लावायचं."

पहिल्या दहा मिनिटांत विठाबाई सात वेळा भिंतीतून गेल्या. पाण्याचा तांब्या घेऊन त्या हॉलमधून सरळ बेडरूममध्ये आणि तिथून संडास ओलांडून अंगणात.

"आई, भिंत!"

"कुटं हाय भिंत?"

"ही काय, पांढरी!"

"ही तर रेघ हाय. भिंत असती तर मी थांबले नसते व्हय?"

सोपानरावांनी आवाज चढवला आणि चढवल्यावर त्यांची पुण्याची भाषा गळून पडली. "आगं आये, आसं समज की हाय!" मग त्या समजल्या. समजल्या म्हणजे इतक्या, की प्रत्येक रेषेपाशी थबकून हाताने चाचपून बघू लागल्या. त्यात आणखी वेळ जाऊ लागला.

पण पद्धत बिनचूक होती. अकराच्या आत वहीत नऊ दोष उतरले. बेडरूमचं दार आणि संडासाचं दार एकमेकांवर आपटतात. दोन्ही बांबू एकदम फिरवल्यावर सविताच्या बोटांवर बसले, तेव्हा हे शंकेला जागा न ठेवता सिद्ध झालं. फ्रीज उघडला की ओट्यापाशी उभं राहणाऱ्याला बोळात जावं लागतं. कपाट बोळातून वळत नाही, खाटेचा पाय स्वयंपाकघराच्या भिंतीतून आत येतो. सोपानराव लिहीत होते आणि दर दोषागणिक त्यांचा चेहरा उजळत होता. लुटला जाता जाता वाचलेल्या माणसाचा आनंद होता तो. सविताने बोटं फुंकत विचारलं, "एक तरी गुण लिहिलात का?" गुणांचा रकाना वहीत नव्हता.

इकडे गावात वेगळीच भट्टी पेटली होती. मावळात जमीन जाते तेव्हा आधी फक्की येते, मग खुंटी येते आणि मग नोटीस येते. हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. धरणं, रस्ते, कारखाने, सगळे याच क्रमाने आले. आणि या वेळी फक्की मारली कोणी? रेल्वेवाल्या सोपानने! सकाळी वैरणीला गेलेल्या कोणीतरी ते पाहिलं. साडेनऊला ग्रामपंचायतीसमोर "सोपानच्या खळ्यात रेल्वे मोजणी करतीय" असं झालं. दहाला रूळ टाकव्यातून नेण्याचं पक्कं झालं. साडेदहाला स्टेशन विठाबाईंच्या गोठ्यावर येणार होतं आणि सोपानने स्वतःची जमीन वाचवून दुसऱ्यांच्या रानातून गाडी वळवली होती.

अकराला तीस-पस्तीस माणसं खळ्याभोवती उभी होती. बघत होती. सविता बांबू धरून दार झाली होती आणि सोपानराव संडासात उभे राहून लिहीत होते.

गर्दीतून रतनबाई पुढे आल्या. त्या गावच्या पोलीस पाटील. अंगात स्वेटर, काखेत रजिस्टर, कामाला चोख. "सोपानभाऊ, काय चाललंय म्हनायचं हे?"

"काही नाही, पाटीलबाई. घर तपासतोय."

"कुटलं घर?"

"हे. आपण आत्ता हॉलमध्ये उभ्या आहात."

रतनबाईंनी खाली बघितलं, वर बघितलं. "परवानगी हाय का?"

"कशाची?"

"बांधकामाची."

"बांधकाम कुठंय, पाटीलबाई?"

"आत्ताच म्हनला की हाल हाय म्हनून!"

सोपानरावांनी आयुष्यभर कागदांशी संसार केलेला, पण असा पेच त्यांच्याही पाहण्यात नव्हता. रतनबाईंनी खाली बैठक मारली आणि पंचनामा लिहायला घेतला. लिहिता लिहिता त्या मोठ्याने वाचत होत्या. "सदर इसमाने मोकळ्या जागेत घर असल्याचे भासवून... त्यात पत्नी व आई यांसह वास्तव्य केले... समक्ष पाहणी करता घर आढळून आले नाही... तथापि संडास दोन आढळले." इथे त्या थांबल्या. "दोन कशाला, भाऊ? तुमी तर तिघंच."

"एक अटॅच आहे."

त्यांनी तेही लिहिलं.

रेल्वे येत नाही, हे लोकांना पटवायला अर्धा तास गेला. पटल्यावर दोघाचौघांचा चेहरा पडला. आणि मग, सगळं निवळतंय असं वाटत असतानाच, बांधाकडून आरोळी आली. गोविंदा होता.

"दादा! माज्या रानात अडीच फूट आलास!"

"अरे, ती बाल्कनी आहे!"

"कायबी असू दे! बांध वलांडला का न्हाई?"

"गोविंदा, नीट ऐक. ती तिसऱ्या मजल्यावर आहे. हवेत."

"मग हवेतनं खाली कशी आली?"

लोकांनी मान डोलावली. मुद्दा बिनतोड होता. बांध म्हटलं की मावळी माणूस सख्ख्या भावाचा राहत नाही, गोविंदा तर चुलत. त्याच्या वडिलांनी आणि सोपानरावांच्या वडिलांनी याच बांधापायी वीस वर्षं एकमेकांच्या लग्नाकार्यात पाऊल टाकलं नव्हतं. सोपानरावांनी फक्की पुसायची तयारी दाखवली. पण गोविंदा आता ऐकायच्या पलीकडे होता. तो तरातरा आला आणि बाल्कनीत पाय ठेवणार, तेवढ्यात एक आवाज कडाडला.

"ए गोइंद्या! पाय मागं घे! माजं वाल वाळाय घातल्यात तितं!"

विठाबाई होत्या. कमरेला पदर खोचलेला. बाल्कनीत खरंच सुपात वाल पसरलेले होते. कधी पसरले, कोणालाच कळलं नव्हतं.

"काकी, रान माजं हाय."

"रान तुजं असंल, बालकनी माजी हाय! खाली तू नांगर, नगं कोन म्हनतंय? वर मी वाल घालीन. आन काय बोलायचं आसंल तर दारानं आत ये, बसून बोल. भिताडातनं काय घुसतोस, चोरावानी!"

गोविंदा घुटमळला. पस्तीस माणसं बघत होती. मग तो मुकाट्याने वळला, स्वयंपाकघराला वळसा घातला, बेडरूमच्या कडेने फिरून पुढच्या बाजूला आला, उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि सविताने बांबू बाजूला केल्यावर आत येऊन बसला. त्याच्यामागे गावही आलं. सगळे दारानेच आले, चपला बाहेर काढून आले. एकाने चुकून संडासात पाय दिला तेव्हा चौघे त्याच्यावर ओरडले.

चौदा बाय दहाच्या हॉलमध्ये मांडीला मांडी लावून एकोणीस माणसं बसली आणि बाकीची बोळात मावली. सोपानरावांनी ते मोजलं, वहीत लिहिलं. सविताने पिंपाला वळसा घालत आठ बाय सातमध्ये पस्तीस चहा केले आणि ओटा तीन इंच बुटका आहे, हा दहावा दोष कमरेवर हात ठेवून जाहीर केला. रतनबाईंनी पंचनाम्यात निकाल घातला, की सदर बाल्कनी सूर्यास्तापर्यंत हंगामी समजावी. गोविंदाने सही केली. चहाला तो नाही म्हणाला नाही.

तीन वाजेपर्यंत दोष सतरा झाले. सोपानराव हॉलच्या मध्यभागी उभे राहिले आणि त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवले. पहिल्यापासून सतराव्यापर्यंत. मग चष्मा काढला. "तर हा माल परत. सोमवारी नाही म्हणून कळवतो." चौतीस वर्षं ज्या सुरात ते मालवाल्यांना परत पाठवत आले होते, तोच हा सूर. तिसावं घर बघायला निघायचं आहे, हे सविताला कळलं. एकोणतीस झाली होती.

"आन काकी?" गोविंदाने मधेच विचारलं. मघाचा राग त्याच्या आवाजात नव्हता. "दादा, तू दुसरं घर घेशील, तिसरं घेशील. काकी येनार का पन? का म्या रोज दूध घालून आल्यावर आंगणात बगायचं, उभी हाय का आडवी हाय ते?"

ओसरीवर कोंबड्या तेवढ्या बोलत होत्या. सोपानरावांनी वही चाळली. दिवसभर वहीत जे लिहायला ते बसले होते ते एवढंच होतं, आणि तेच राहून गेलं होतं.

विठाबाई स्वयंपाकघराच्या रेषेला टेकून बसल्या होत्या. म्हणजे टेकल्यासारख्या. "मी कुटं झोपायचं ह्यात?" त्यांनी विचारलं. "हालात का? तितं क्वार्टरात हालातच व्हते. तुमी मानसं पाचला उटनार, दिवा लावनार, माज्या उशापासनं जानार. मंग मी बी उटायचं, गोधडी गुंडाळायची आन काखंत धरून बसायचं, पावनीवानी. कुनी काय बोलत न्हाई. पन गोधडी काखंत धरून किती दिस बसायचं?"

चौकशीचा निकाल असा लागला. पंखा नव्हता, पाणी नव्हतं, सविता नव्हती. सोपानरावांनी वही मिटली.

"आई, हॉलमध्ये नाही गं," ते म्हणाले. "ही खोली तुझी आहे. ही, बाल्कनीशेजारची." खोलीत सकाळपासून फक्कीची पोती आणि सुतळी टाकली होती. ती त्यांनी घाईघाईने उचलून बाहेर काढली. "कागदावर मी पहिल्या दिवशीच लिहिलंय, हे बघ, आई म्हणून. दहा बाय नऊ."

"हितं आजून कोन कोन झोपनार?"

"कोणी नाही. तू एकटी."

"आन दार?"

"आहे की. अडीच फुटी."

"कडी आतनं का भायेरनं?"

"आतून, आई."

विठाबाई उठल्या. रेषेच्या कडेकडेने दारापाशी गेल्या आणि आत जाऊन मधोमध उभ्या राहिल्या. चारी बाजूंना बघितलं. मग बोलल्या, "मानसं व्हती तवा खोली न्हवती. सासू, दीर, जावा, तुमी पोरं, समदी एका वळीत झोपायची. खोल्या झाल्या तवा मानसं ऱ्हायली न्हाईत. घरात मानसं बी हायेत आन आपल्याला खोली बी हाय, हे म्या कवा बगितलंच न्हाई."

रतनबाईंनी रजिस्टर मिटलं. गोविंदा उगीचच बांधाकडे बघत राहिला. सविता पुढे झाली आणि बांबू आडवा धरून दारात उभी राहिली.

"लाव गं दार," विठाबाई म्हणाल्या. सविताने बांबू फिरवला. विठाबाईंनी आतून हात वर केला, हवेत कडी सरकवली आणि खाली मांडी घालून बसल्या. तिथे दिसत होत्या सगळ्यांना, पण कोणी तिकडे बघेना.

सोपानराव दाराशी आले. खाकरले. अख्ख्या गावासमोर, हेडक्लार्क माणूस, तोंडाने म्हणाले, "टक टक."

"कोन हाय?"

"मी, सोपान. आई, मे महिन्यात येशील ना?"

विठाबाईंनी आतून जमिनीवर हात फिरवला. मग उत्तर आलं. "यीन. पन ह्याच खोलीत. दुसरी दावशील तर जीप हाय माजी."

"हीच, आई, हीच! उद्याच कळवतो."

सोपानरावांनी वही उघडली. सतरा दोषांखाली त्यांनी आकडा घातला, अठरा, आणि पुढे लिहिलं, "माल स्वीकारला." खाली सही केली, तारीख घातली. आणि मग ते न राहवून पुन्हा दाराशी वाकले.

"आई, आता येऊ का आत?"

"थांब की जरा," विठाबाई म्हणाल्या. "आत्ताच तर कडी लावलीया."